पक्ष्यांसाठी घरगुती दाणापात्र

साहित्य: १ लिटरची प्लास्टिकची बाटली, दोन जुन्या पेन्सिली, सुतळी, सूर्यफुलाच्या सोललेल्या बिया.

कृती: बाटली धुऊन पूर्ण वाळवा. समोरासमोर भोके पाडून पेन्सिली आरपार घाला. हे झाले पक्ष्यांचे बसायचे दांडे. प्रत्येक दांड्याच्या थोडे वर चोचीपुरते भोक ठेवा. पाणी साचू नये म्हणून तळालाही बारीक भोके पाडा. बिया भरा, झाकण लावा, सुतळीने टांगा.

पसरट ताटली का नको? ब्रिटनमध्ये २००५पासून फिंच कुळातल्या पक्ष्यांत ट्रायकोमोनोसिस हा रोग पसरला. त्याचा एकपेशीय परजीवी घशात वाढतो. गिळता न आल्याने पक्षी उपाशी मरतो. आजारी पक्ष्याच्या तोंडातून पडलेला ओला दाणा दुसऱ्याने टिपला, की रोग पुढे जातो. बागेत सर्रास दिसणारा ग्रीनफिंच मुख्यतः यामुळेच २०२१मध्ये धोक्यातील पक्ष्यांच्या लाल यादीत गेला.

हा परजीवी कोरड्या जागी फार टिकत नाही. म्हणून दर आठवड्याला बाटली जंतुनाशकाने धुवा, खळबळून पूर्ण वाळवा आणि जागा बदलून टांगा. खाली सांडलेले दाणे उचला. पिसे फुगवून सुस्त बसलेला, गिळताना अडखळणारा पक्षी दिसला, तर किमान दोन आठवडे दाणे घालणे बंद ठेवा. तेव्हा न घालणे हीच त्यांची सेवा!