दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर जास्त, तरी वेळ कमी कसा?

वेळ = अंतर ÷ वेग हे सूत्र मुलांना तोंडपाठ असतं. त्यामुळे अंतर वाढलं की वेळ वाढणारच, असं मुलं धरून चालतात. पण वेग तोच राहिला तरच हे खरं! हे पटवून द्यायला एक खरं उदाहरण घेऊ.

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाचा मार्ग बदलला. आधी विमान पश्चिमेकडे, अटलांटिक महासागरावरून जायचं. अंतर सुमारे १३,९०० किमी. नव्या मार्गाने ते पूर्वेकडे, पॅसिफिक महासागरावरून गेलं. अंतर सुमारे १५,३०० किमी. म्हणजे १,४०० किमी जास्त. तरीही विमान साडेचौदा तासांत पोहोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर!

असं का झालं?

आता मुलांना भागाकार करू द्या.
१५,३०० ÷ १४.५ = ताशी सुमारे १,०५५ किमी
१३,९०० ÷ १६.५ = ताशी सुमारे ८४२ किमी

मोठं प्रवासी विमान हवेतून ताशी साधारण ९०० किमी वेगाने जातं. मग फरक कुठून आला? वाऱ्यामुळे. आपल्या उत्तर गोलार्धात साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात, त्यांना जेट प्रवाह म्हणतात. पूर्वेकडे जाताना ते पाठीमागून ढकलतात, पश्चिमेकडे जाताना समोरून अडवतात. दहावीच्या बीजगणितातली प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट आठवते ना? तीच ही बोट, फक्त आकाशातली!

इथे एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाताना गाव स्वतःच जवळ यायला हवं की!" छान प्रश्न आहे. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि त्या हवेतलं विमानही. म्हणून तसा फायदा मिळत नाही.

दोऱ्याचा प्रयोग

पृथ्वीगोलावर दिल्लीपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत दोरा ताणून धरा. तो ना अटलांटिकवरून जातो, ना पॅसिफिकच्या मधून! तो सैबेरियावरून, उत्तर ध्रुवीय प्रदेशातून जातो. हे सर्वांत कमी अंतर, सुमारे १२,४०० किमी. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे कधीच कळणार नाही. मोबाइलवर दिसणारं अंतर बऱ्याचदा हेच असतं. विमान प्रत्यक्षात जातं ते अंतर वेगळं.

घड्याळाची गंमत

शेवटी हे गणित द्या. विमान दिल्लीहून रविवारी पहाटे ४ वाजता निघालं आणि सॅन फ्रान्सिस्कोला तिथल्या घड्याळानुसार रविवारी सकाळी ६ वाजता उतरलं. प्रवास किती तासांचा? बरीच मुलं "दोन तास" म्हणतील. लगेच चूक म्हणू नका. ऑक्टोबरमध्ये तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं, एवढंच सांगा आणि थांबा. तिथे सकाळचे ६ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. पहाटे ४ पासून मोजले तर साडेचौदा तास. हे मुलांनी स्वतः शोधलं, तर स्थानिक वेळेचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

पालकांनी घरी एवढंच करावं : कुणी नातेवाईक परदेशी निघाले, तर जाण्याचा आणि येण्याचा वेळ मुलांना वहीत लिहायला सांगा. दोन्ही वेळा सारख्या येतात का, ते त्यांनाच पाहू द्या.