फरशीच्या सांध्यांत काय भरावे?

घराच्या नूतनीकरणासाठी कर्ज घेणारे ग्राहक फरशीचा रंग निवडण्यात कित्येक दिवस घालवितात. तिच्या सांध्यांत काय भरावयाचे, हा निर्णय मात्र बहुधा गवंड्यावर सोपविला जातो. गवंडी पांढरे सिमेंट पाण्यात कालवितो, दरजांत भरून फडक्याने पुसून घेतो आणि काम संपते. पुढे तेच सांधे काळवंडतात व त्यांचा भुगा निघू लागतो. नुसते सिमेंट वाळताना आकसते, त्यास बारीक तडे जातात आणि त्या तड्यांत साबणाचे पाणी व मळ मुरत राहतो, हे त्यामागील कारण होय.

सांधा मुळात असावयास हवा, हेही येथे सांगणे आवश्यक आहे. फरश्या एकमेकींना अगदी खेटून बसविल्या की काम देखणे दिसते. परंतु उष्णतेने वा ओलाव्याने त्या किंचित प्रसरण पावल्यास जागा न उरल्याने मधोमध उचलल्या जातात. घरातील फरश्यांसाठी २ ते ३ मिलिमीटरची फट पुरेशी असते आणि ती सारखी राहावी म्हणून प्लॅस्टिकचे स्पेसर वापरतात.

कारखान्यातून तयार येणाऱ्या सिमेंटच्या ग्राउटमध्ये बारीक भरणद्रव्य, रंग व पॉलिमर मिसळलेले असते. साधारण ३ मिलिमीटरपर्यंतच्या फटीसाठी वाळूविरहित ग्राउट घ्यावे. त्याहून रुंद फटीसाठी वाळूयुक्त ग्राउट योग्य, कारण वाळूमुळे आकसणे कमी होते. दिवाणखाना व शयनगृहे यांसाठी याहून महाग काही घेण्याचे प्रयोजन नाही. पाणी मात्र वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणातच घालावे. मिश्रण सैल केल्यास हात भराभर चालतो, पण सांधा कच्चा राहतो व रंगही डागाळतो.

न्हाणीघर आणि ओट्यामागील भिंत यांची गोष्ट वेगळी. क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग घालविण्यासाठी आपल्याकडे सर्रास ॲसिड ओतले जाते. फरशी ते सोसते, सिमेंटचा सांधा मात्र झिजत जातो. अशा ठिकाणी इपॉक्सी ग्राउट उजवे ठरते. राळ व तिला कठीण करणारे द्रव्य यांच्या संयोगाने ते घट्ट होते. ते पाणी जवळजवळ शोषत नाही व हळद-तेलाचे डागही सहसा धरत नाही. किलोमागे त्याची किंमत सिमेंटच्या ग्राउटच्या कित्येक पट असते, म्हणून अनेकजण माघार घेतात. येथे थोडे गणित करून पाहावे. ३०० × ३०० मिलिमीटर आकाराची, ८ मिलिमीटर जाडीची फरशी व ३ मिलिमीटरची फट धरल्यास प्रत्येक चौरस मीटरला सुमारे पाव किलो ग्राउट लागते. म्हणजे ४ चौरस मीटरच्या न्हाणीघराच्या जमिनीस किलोभर पुरते. एवढ्यासाठी काटकसर करणे आम्हांस शहाणपणाचे वाटत नाही.

इपॉक्सीस कुशल हात मात्र हवा. सांधे कोरडे व स्वच्छ असावेत, दोन्ही घटक पूर्ण प्रमाणात मिसळावेत आणि कालविलेले मिश्रण थोडक्या वेळात संपवावे. उन्हाळ्यात ते अधिकच लवकर घट्ट होते. फरशीवर उरलेला चिकट थर वेळीच पुसला नाही, तर नंतर तो निघता निघत नाही. हातमोजे घालणे अगत्याचे. उन्हात फिकट रंगाचे इपॉक्सी पिवळे पडू शकते, म्हणून गच्चीसाठी पॉलिमरयुक्त सिमेंटचे ग्राउटच बरे.

भिंत व जमीन मिळतात त्या कोपऱ्यात यांपैकी काहीच भरू नये. तेथे दोन पृष्ठभागांची सूक्ष्म हालचाल चालूच असते व ताठर ग्राउट तडकते. तेथे बुरशीरोधक सिलिकॉन सीलंट भरावे. काही वर्षांनी ते खरवडून नव्याने भरता येते.

एक गैरसमज फार खर्चाचा ठरतो. खालच्या सदनिकेच्या छतास ओल आली की वरच्या न्हाणीघराचे सांधे नव्याने भरून घेतले जातात आणि ओल थांबली नाही की शेजाऱ्यांत कटुता येते. कोणतेही ग्राउट हा जलरोधक थर नव्हे. तो थर फरशीच्या खाली असतो. गळती बहुधा तेथून, नळातून किंवा सांडपाण्याच्या जाळीभोवतीच्या फटीतून होत असते. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी, फरशी बसविण्यापूर्वी, जलरोधक थरावर २४ ते ४८ तास पाणी साठवून ठेवावे, खालच्या घरात जाऊन छत पाहावे आणि मगच गवंड्यास पुढील कामाची अनुमती द्यावी.