स्टेपर मोटार व ड्रायव्हर यांचा मेळ

संगणकाच्या आज्ञेने लाकूड, प्लास्टिक वा ॲल्युमिनियम कोरणारे यंत्र, म्हणजेच सीएनसी यंत्र, ही आता मोठ्या कारखान्यांचीच मिरास राहिलेली नाही. अंकांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ साली दाखविले. पुढे २००९ साली नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कॉग्सरुड यांनी ‘जीआरबीएल’ ही आज्ञावली रचली. ती विनामूल्य मिळते व आर्डुइनोच्या लहानशा पट्टीवर चालते. त्यामुळे आपल्या घरांतील मुलेही असे यंत्र उभारू लागली आहेत. त्यांचा पैसा व उत्साह बहुधा एकाच ठिकाणी वाया जातो, ते ठिकाण म्हणजे मोटार व ड्रायव्हर यांची निवड. तिचाच विचार येथे करावयाचा आहे.

स्टेपर मोटारीच्या दोन गुंडाळ्यांना ठराविक क्रमाने वीज मिळाली की तिचा दांडा एकेक पाऊल फिरतो. बहुतेक मोटारींत एका फेऱ्यास २०० पावले असतात. म्हणजे एक पाऊल १.८ अंशांचे. मोटार खरोखर फिरली की नाही, हे साध्या यंत्रातील नियंत्रकास कळत नाही. एका फेऱ्यास ५ मिलिमीटर सरकणाऱ्या स्क्रूवर ४० पावले हुकली तर काम एक मिलिमीटरने चुकते, आणि यंत्र मात्र निःशंकपणे पुढे कोरीत राहते. म्हणून पाऊल न हुकणे यातच सारे मर्म आहे.

आता एक उदाहरण घेऊ. ‘नेमा २३’ मापाच्या, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर चौरस तोंडाच्या, एका मोटारीची माहिती अशी आहे असे समजा : प्रवाह २.८ अँपियर, रोध ०.९ ओहम, इंडक्टन्स २.२५ मिलिहेन्री. प्रवाह व रोध यांचा गुणाकार केला असता सुमारे २.५ व्होल्ट येतात. हा आकडा पाहून कोणी २.५ व्होल्टचाच पुरवठा जोडील, तर मोटार सावकाश फिरेल. वेग वाढविताच ती थबकेल.

याचे कारण इंडक्टन्समध्ये आहे. गुंडाळीत प्रवाह एकदम चढत नाही. मिनिटास ३०० फेरे, म्हणजे सेकंदास १००० पावले, या वेगाने एका पावलास एक मिलिसेकंद मिळतो. अडीच व्होल्टवर प्रवाह दोनतृतीयांशाच्या जवळपास चढावयासच अडीच मिलिसेकंद लागतात. तोच पुरवठा ३६ व्होल्टचा असेल तर पूर्ण प्रवाह सुमारे ०.१८ मिलिसेकंदात भरतो. मग मोटार जळत कशी नाही? येथेच ड्रायव्हरचे काम येते. उंच टाकीचे पाणी जोरात येते खरे, पण तोटीवर बसलेला माणूस भांडे भरताच तोटी बंद करतो. ड्रायव्हरही ठरविलेला प्रवाह भरताच वीज तोडतो, कमी होताच जोडतो, आणि हे सेकंदास हजारो वेळा करतो. थोडक्यात, प्रवाह मोटारीवरून ठरवावा, आणि दाब वेगासाठी द्यावा.

दाबालाही मर्यादा आहेच. कारागिरांत रूढ असलेला आडाखा असा : मिलिहेन्रींतील इंडक्टन्सचे वर्गमूळ काढून त्यास ३२ ने गुणावे. आपल्या मोटारीस १.५ गुणिले ३२, म्हणजे ४८ व्होल्ट, ही वरची सीमा झाली. आता ड्रायव्हर पाहू. ‘ए४९८८’ या लहान ड्रायव्हरची कमाल मर्यादा २ अँपियर व ३५ व्होल्ट. तो या मोटारीस अपुरा आहे. ‘डीएम५४२’ जातीचा ड्रायव्हर ४.२ अँपियरपर्यंतचा शिखरप्रवाह व ५० व्होल्टपर्यंतचा दाब घेतो. तो योग्य ठरतो. तथापि वेगात असलेली मोटार थांबताना थोडी वीज उलट ढकलते, म्हणून ५० च्या काठावर न जाता ३६ व्होल्ट घ्यावेत. पुरवठ्याचा प्रवाह दर मोटारीस तिच्या अंकित प्रवाहाच्या दोनतृतीयांश धरावा. तीन मोटारींस सुमारे ५.६ अँपियर होतात. त्यावर थोडी शिल्लक ठेवावी.

केवळ मोठा टॉर्क पाहून मोटार घेणे हितावह नाही. जाहिरातीतील आकडा उभ्या मोटारीचा असतो. वेग वाढला की टॉर्क घटतो, आणि जास्त इंडक्टन्सच्या मोटारीत तो लवकर घटतो. कित्येकदा मध्यम मोटारच अधिक काम देते.

जोडणीपूर्वी चार तारांतील जोड्या ओळखाव्यात. दोन तारांची टोके एकमेकांस टेकवून दांडा हाताने फिरवावा. तो जड लागला तर त्या एकाच गुंडाळीच्या आहेत. पुरवठा चालू असता मोटारीची तार कधीही सोडू नये. ड्रायव्हर तत्काळ निकामी होण्याचा संभव असतो. २३० व्होल्टची बाजू झाकलेली असावी व यंत्राच्या सांगाड्यास अर्थिंग असावे. हे काम वडीलधाऱ्यांनी जातीने पाहावे.

खरेदीस निघण्यापूर्वी मोटारीचा प्रवाह व इंडक्टन्स, ड्रायव्हरच्या मर्यादा आणि पुरवठ्याचा दाब हे आकडे कागदावर शेजारी शेजारी मांडावेत. ते परस्परांशी जुळले, तरच पैसे मोजावेत.