जुना लॅपटॉप, नवी साठवण आणि दोन कार्यप्रणाली

शाळेच्या कार्यालयात अथवा ग्रामपंचायतीच्या टेबलावर सात-आठ वर्षांपूर्वी आलेला लॅपटॉप सुरू व्हावयास पाच-पाच मिनिटे घेऊ लागला, की ‘यंत्र निकामी झाले’ असा शेरा सहज मारला जातो. वस्तुतः अशा अनेक यंत्रांचा गणन करणारा भाग सुस्थितीत असतो. मंद असते ती त्यांची साठवण. साठवणीचे साधन बदलून असे यंत्र आणखी काही वर्षे उपयोगात आणता येते व त्याच वेळी त्यात दोन कार्यप्रणाली ठेवता येतात. हे काम फारसे अवघड नाही. मात्र क्रम चुकल्यास जपलेल्या नोंदी गमावण्याची वेळ येते आणि कार्यप्रणालीची निवड चुकल्यास यंत्र चालूनही ते कार्यालयाच्या कामाचे राहत नाही.

मंदपणाचे मूळ

आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तीत ५० चकत्या होत्या व सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आकार आता तळहाताएवढा झाला असला, तरी फिरती चकती आणि तीवरून सरकणारी वाचनभुजा हे तत्त्व तेच राहिले आहे. लॅपटॉपमधील सर्वसाधारण चकती मिनिटाला ५,४०० फेरे घेते. हवी ती नोंद भुजेखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा १८० वा भाग लागतो. भुजा जागेवर सरकण्याचा वेळ त्यात मिळविला, तर विखुरलेल्या जेमतेम साठ-सत्तर नोंदी एका सेकंदात वाचून होतात. कार्यप्रणाली सुरू होताना मात्र हजारो लहान फायली वाचाव्या लागतात. विलंबाचे मूळ येथे आहे.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजेच एसएसडी, या साधनात फिरणारा भागच नसतो. जपानमधील तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश स्मृतीवर ते आधारलेले आहे. त्यातून सेकंदाला हजारो नोंदी वाचता येत असल्याने जुन्या यंत्राची गती एकदम वाढलेली जाणवते.

बदलापूर्वीची तयारी

प्रथम यंत्रात कोणते साधन बसते हे पाहावे. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा जोडणी असते. तेथे साधनाची जाडी, ७ की ९.५ मिलिमीटर, हेही तपासावे. त्यानंतरच्या यंत्रांत एम.२ ही अरुंद पट्टी बसते. तिची रुंदी २२ मिलिमीटर व लांबी बहुधा ८० मिलिमीटर असते. दिसावयास सारख्या असलेल्या या पट्ट्यांत साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत व ते परस्परांच्या जागी चालतीलच असे नाही. म्हणून यंत्राची माहितीपुस्तिका पाहूनच खरेदी करणे इष्ट ठरते.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी नोंदींच्या प्रती काढण्याची होय. शाळेची सामान्य नोंदवही असो की घरपट्टीची आकारणी, प्रत्येकीच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर घ्याव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी ठेवावी. प्रत घेतली एवढ्याने भागत नाही. ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली पाहिजे. विंडोजमधील बिटलॉकरचे कुलूप चालू असल्यास त्याची ४८ अंकी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. ती हाताशी नसेल, तर बदलानंतर स्वतःच्याच नोंदी कायमच्या बंद होण्याचा धोका असतो.

प्रत्यक्ष बदल करताना वीज तोडावी, बॅटरीची जोडणी सोडवावी आणि अंगातील स्थिर विद्युत घालविण्यासाठी प्रथम एखाद्या मोठ्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. जुनी डिस्क काही आठवडे तशीच जपून ठेवावी. पुढे तीवरील मजकूर पूर्णपणे पुसूनच तिची विल्हेवाट लावावी. जडवस्तू नोंदवहीत या बदलाची नोंद करणे विसरू नये.

एका घरात दोन बिऱ्हाडे

साठवणीचे स्वतंत्र विभाग पाडून प्रत्येकात एक कार्यप्रणाली बसविली, की यंत्र सुरू करताना हवी ती निवडता येते. या सोयीचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तर विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागत असल्याने अनेक जुनी यंत्रे तिला अपात्र ठरतात. अशा ठिकाणी लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली उपयोगी पडते. केरळमधील सरकारी शाळांनी ती पूर्वीच स्वीकारली आहे आणि सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये तिचे ‘बॉस’ हे भारतीय रूप सादर केले.

आधी विंडोज व नंतर लिनक्स हा क्रम पाळावा, कारण विंडोज बसताना प्रारंभाचा मार्ग आपल्याकडे घेते. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असता विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि दुसऱ्या प्रणालीने त्याच विभागात लिहिल्यास फायली बिघडतात. जुनी विंडोज ठेवावयाचीच असेल, तर ती इंटरनेटपासून अलग ठेवून जुन्या हिशेबांपुरतीच वापरावी.

मॅकओएसचा मोह

ॲपल कंपनीने २००६ पासून आपल्या संगणकांत इंटेलचे प्रक्रियक वापरण्यास सुरुवात केली. घडण सारखी झाल्यामुळे ॲपलची मॅकओएस ही कार्यप्रणाली अन्य कंपन्यांच्या यंत्रांवर चालविण्याचे प्रयोग सुरू झाले. ओपनकोरसारखा प्रारंभक यंत्राला ॲपलचे यंत्र असल्याचे भासवितो आणि कार्यप्रणाली फसते. अशा यंत्राला ‘हॅकिन्टॉश’ म्हणतात.

परंतु मॅकओएसचा परवाना केवळ ॲपलच्या संगणकांपुरताच आहे. अमेरिकेत फ्लोरिडातील सायस्टार कंपनीने २००८ मध्ये असे संगणक विकावयास काढले. २००९ मध्ये न्यायालयाने ॲपलच्या बाजूने निर्णय दिला व २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. भारतातही संगणक-प्रणाली १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली साहित्यकृतींत मोडते.

तांत्रिकदृष्ट्याही ही वाट संपत आली आहे. ॲपलने २०२० पासून स्वतःचे प्रक्रियक वापरण्यास प्रारंभ केला आणि २०२५ ची मॅकओएस २६ ही इंटेल यंत्रांवर चालणारी अखेरची आवृत्ती असल्याचे जाहीर केले. शिवाय अशा यंत्रात वाय-फाय वा चित्रदर्शक भाग जुळतीलच याची शाश्वती नसते. आज जुळले, तरी पुढच्या सुधारणेनंतर ते बंद पडू शकतात. दाखले द्यावयाच्या दिवशीच यंत्र बंद पडले, तर हेलपाटा गावकऱ्याला पडतो.

तात्पर्य, सार्वजनिक पैशातून घेतलेल्या यंत्राचे आयुष्य वाढविणे ही काटकसर आहे. पण ती परवान्याच्या मर्यादेत व नोंदींची सुरक्षितता राखूनच व्हावयास हवी. नवी साठवण, तपासलेल्या दोन प्रती आणि परवान्याने मोकळी असलेली कार्यप्रणाली, एवढी सिद्धता असली की कोपऱ्यात पडलेला लॅपटॉप पुन्हा विद्यार्थ्यांच्या व गावकऱ्यांच्या सेवेत रुजू होऊ शकतो.