नवी गाडी वारंवार बंद पडते? आधी जॉब कार्ड सांभाळा



नेहमी इथे आपण भागाकार, जोडाक्षरं, वाचनाची गोडी यावर बोलतो. आज एकदम गाडी कुठून आली, असं वाटेल. ती आली आमच्या पालकसभेतून.

चौथीतल्या एका मुलीचे वडील सभा संपल्यावर थांबून राहिले. मूर्तिजापूर तालुक्यातले शेतकरी. कापूस-सोयाबीनचे साठवलेले पैसे आणि बँकेचं कर्ज मिळून साडेसात लाखांची नवी गाडी त्यांनी अमरावतीच्या एका शोरूममधून घेतली. सात महिन्यांत ती पाच वेळा चालता चालता बंद पडली. शेवटची तर महामार्गावर मान्याजवळ, आई दवाखान्यात न्यायची होती तेव्हा. (हाच तो लोणी ते माना रस्ता, २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला तो. रस्ता विक्रमी, पण गाडी ढकलावी लागली!) ते म्हणाले, "मॅडम, हप्ता गाडीचा भरतो अन् फिरतो येष्टीनं. शोरूमवाला म्हणते, चेक केली, काही प्रॉब्लेम नाही. मंग बंद काऊन पडते?"

शाळेत दरवर्षी २४ डिसेंबरला आम्ही राष्ट्रीय ग्राहक दिन घेतो. १९८६ मध्ये याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्या तयारीमुळे कायद्याची थोडी ओळख होती. बाकीचं या निमित्ताने वाचलं, ते तुमच्यासमोर ठेवते.

आपल्याकडे नवी गाडी आली की चाकाखाली लिंबू ठेवतात आणि पुढे लिंबू-मिरची बांधतात. अमेरिकेत मात्र 'लिंबू' म्हणजेच पहिल्या दिवसापासून त्रास देणारी गाडी. तिथे कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये अशा गाड्यांसाठी कायदा केला आणि मग बाकीच्या राज्यांनीही केले. तपशील राज्यागणिक बदलतो, पण साधारण हिशेब असा: ठरावीक मुदतीत तोच दोष तीन-चार प्रयत्नांत निघाला नाही, किंवा गाडी एकूण ३० दिवस दुरुस्तीतच पडून राहिली, तर कंपनीने गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे.

आपल्याकडे गाड्यांसाठी असा वेगळा कायदा नाही. "चार वेळा बिघडली म्हणजे बदलून मिळणारच" असं कोणी सांगत असेल तर ते भारतात खरं नाही. आपल्याकडे आहे तो ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात आयोग असे आदेश देऊ शकतो: दोष दूर करा, वस्तू बदलून द्या, किंमत व्याजासह परत करा, नुकसानभरपाई द्या. यातलं काय मिळेल हे पुराव्यावर ठरतं. खरी मेख इथेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मारुती कंपनीच्या एका प्रकरणात अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश बाजूला ठेवला. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करू किंवा बदलू एवढंच लिहिलेलं होतं, म्हणून एका भागाच्या दोषासाठी पूर्ण गाडी बदलता येणार नाही, असा त्याचा अर्थ. पण २०१० मध्ये फियाट गाडीच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाकडून गाडी तपासून घ्यायला सांगितलं. दोष मुळातच, बनवतानाच राहिलेला आहे असं तज्ज्ञाचं मत पडलं तर किंमत परत करावी, असं ठरवलं. म्हणजे आपल्याला दाखवायचं आहे ते हे, की हा एखादा भाग झिजण्याचा प्रकार नाही, दोष कारखान्यातूनच आला आहे.

मग सामान्य माणसाने हे दाखवायचं कसं? दर वेळी मोठं शास्त्र लागतंच असं नाही. २०२२ मध्ये ह्युंदाई क्रेटाच्या एका प्रकरणात अपघातात एअरबॅग उघडल्याच नाहीत. धडकेचा जोर पुरेसा नव्हता, असा कंपनीचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वेग आणि बल यांचं गणित मांडणारा भौतिकशास्त्रज्ञ असावं, ही अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही. गाडी बदलून देण्याचा आणि भरपाईचा आदेश कायम राहिला. पण इंजिन मध्येच बंद पडणं यासारख्या दोषात तज्ज्ञाचा अहवाल जवळजवळ लागतोच. कायद्याच्या कलम ३८ प्रमाणे आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो. त्याचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागू शकतो, ही तयारी ठेवा.

आता आमच्या पालकांकडे वळते. मी त्यांना विचारलं, "पाच वेळा गाडी दिली, तर पाच जॉब कार्ड असतील ना?" निघाले दोन. उरलेल्या तीन वेळी मेकॅनिकने "बघून देतो भाऊ" म्हणून तासाभरात गाडी परत दिली होती. कागद नाही. त्या दोनपैकी एकावर तक्रारीच्या रकान्यात 'जनरल चेकअप' लिहिलेलं, आणि खाली यांची समाधानाची सही! मला फार वाईट वाटलं. वर्गात आपण मुलांना "उत्तराबरोबर रीतही लिहा" म्हणून ओरडतो, अन् साडेसात लाखांच्या व्यवहारात आपल्याकडेच रीत लिहिलेली नसते.

म्हणून हे मनावर घ्या. गाडी सर्व्हिस सेंटरला दिली, मग ती दहा मिनिटांसाठी का असेना, जॉब कार्ड मागा. त्यावर दोष तुमच्या शब्दांत लिहून घ्या: 'चालू गाडी ६० च्या वेगात अचानक बंद पडते, दहा मिनिटांनी सुरू होते.' किलोमीटर, दिलेली तारीख, परत मिळालेली तारीख बघून घ्या. दोष गेला नसेल तर सहीच्या वर 'दोष कायम' असं लिहा आणि मग सही करा. गाडी बंद पडली की मोबाईलवर व्हिडिओ काढा. फोनवर बोलणं झालं तरी त्याच दिवशी तेच ई-मेलने कंपनीला लिहा. आणि ठरलेली सर्व्हिसिंग वेळेवर, अधिकृत ठिकाणीच करा, कारण "यांनी गाडी नीट वापरली नाही" हा कंपनीचा पहिला बचाव असतो. हप्ते मात्र बंद करू नका. भांडण कंपनीशी आहे, बँकेशी नाही. हप्ता थकला तर दुसरंच लचांड मागे लागतं.

त्यांच्या तीन हरवलेल्या भेटींचं काय केलं? मोबाईलमधले कॉल, सर्व्हिस सेंटरचे मेसेज, टो करून नेल्याची पावती, असं जमेल ते शोधून तारखांचा एक तक्ता केला. मुलीनेच पट्टीने रेघा ओढून दिल्या.

यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि बरेचदा कंपनीचा कोणी वरचा माणूस पहिल्यांदा आपल्याशी नीट बोलतो. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. यांना पुन्हा "गाडी आणून द्या, बघतो" एवढंच उत्तर मिळालं. मग लेखी नोटीस, आणि तिची मुदत संपल्यावर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग.

इथे नव्या कायद्याची एक मोठी सोय आहे. गाडी अमरावतीत घेतली, पण राहतात अकोला जिल्ह्यात, म्हणून तक्रार अकोल्याच्या आयोगात करता आली. आपण राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार चालते. ५० लाखांपर्यंत मोबदला दिलेली प्रकरणं जिल्हा आयोगाकडेच असतात. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. यांना २०० रुपये लागले. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन तक्रारीसाठी पूर्वी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. मुदत दोन वर्षांची, त्यामुळे "आणखी एक सर्व्हिसिंग बघू" करत बसू नका. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. जिल्ह्याच्या निकालावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील होतं, विदर्भासाठी त्याचं खंडपीठ नागपूरला आहे. अपील कंपनीने केलं तर तिला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते.

मागणी लिहिताना कंजूषपणा नको. शेव्हरोलेट फॉरेस्टरच्या प्रकरणात राष्ट्रीय आयोगाने २५ लाखांची दंडात्मक भरपाई लावली होती. ती तक्रारीत मागितलेलीच नव्हती, म्हणून २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. आम्ही क्रमाने लिहिलं: गाडी बदलून द्या, ते न झाल्यास किंमत व्याजासह परत करा, तेही न झाल्यास दोष कायमचा काढून वॉरंटी वाढवा, शिवाय भाड्याच्या गाडीचा खर्च, मनस्ताप आणि तक्रारीचा खर्च.

तक्रार कंपनी आणि शोरूम दोघांवर केली. गोव्यात एका ग्राहकाला २०११ चं मॉडेल म्हणून २००९ ची गाडी दिली गेली होती. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला त्यातून मोकळं केलं, कारण ती चूक विक्रेत्याची होती आणि कंपनीला ती माहीत असल्याचं सिद्ध झालं नव्हतं. विक्रेत्याची चूक वेगळी, बनवणाऱ्याची वेगळी. यावरून आठवलं, गाडी घेताना विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना २१ वर, निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. ते वाचूनच चावी घ्या.

गाडी भाड्याने चालवणारे पालक विचारतील, आमचं काय? धंद्यासाठी घेतलेली वस्तू या कायद्यात बसत नाही. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली गाडी बसते. तसं तक्रारीत स्पष्ट लिहा.

वर्गासाठी: चौथी-पाचवीच्या मुलांना घरातली एक पावती आणायला सांगा. तारीख, वस्तूचं नाव, रक्कम, दुकानाचा पत्ता शोधू द्या. आमच्या वर्गात २३ मुलांनी आणल्या, त्यातल्या ९ पावत्यांवर तारीखच नव्हती. कोऱ्या कागदावर आकडे लिहिलेले, झालं. त्या दिवशी मुलांनी घरी जाऊन बरेच प्रश्न विचारले म्हणे.

आमच्या पालकांची तक्रार आता दाखल झाली आहे. कंपनीचं म्हणणं यायचं आहे आणि गाडी तज्ज्ञाकडे पाठवा असा अर्ज दिला आहे. तोवर गाडी अंगणात उभी आहे आणि ते तारखेला अकोल्याला येष्टीनंच जातात, सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून.