फऱ्याची तरफ

मित्राच्या खांद्यामागील त्रिकोणी हाडावर (पुस्तकात अंसफलक, बोलण्यात फरा) तळहात ठेवा व त्याला हात बाजूने पूर्ण वर न्यायला सांगा. हाड फिरताना जाणवेल! 180 अंशांपैकी सुमारे 60 अंश या फऱ्याचे, उरलेले खांद्याच्या सांध्याचे. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचे पोते उचलणारा हमाल याच टेकूवर जोर लावतो.

येथे कर्करोगाची गाठ झाली तर पुष्कळदा फरा काढावा लागतो. टेकू गेला की तरफ लुळी. हात डोक्यापर्यंत जात नाही. कोपर व बोटे मात्र चालतात, लिहिता येते. म्हणून, शक्य तेथे, हात न कापता शस्त्रवैद्य धातूचा किंवा दात्याचा फरा बसवितात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात हातापायांची गाठ झालेली हाडे बाहेर काढून, 50 ग्रे प्रारणाने कर्कपेशी मारून, त्याच रुग्णांना परत बसविली आहेत. हात किती उचलेल, हे मात्र वाचलेल्या स्नायूंवर ठरते.