दाणा उलटा पेरला तर?

लहान वर्गांच्या शिक्षकांसाठीं एक धडा

खेडोपाडींच्या शाळांत पहिली-दुसरीच्या मुलांस शिकविणारे आमचे शिक्षक बंधु व भगिनी, त्याचप्रमाणें रविवारीं मुलांचा वर्ग घेणारे उपदेशक, यांच्यापुढें आज एक साधा प्रश्न ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. मुलानें कांहीं विचारलें आणि त्याचें उत्तर आपणांस ठाऊक नसलें, तर शिक्षकानें काय करावें? हा विषय घेण्याचें कारण आमच्याच हातून घडलेली एक चूक आहे. ती आधीं सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका लहान गांवच्या शाळेंत आम्ही दुसरीच्या वर्गास झाडाचे भाग शिकवीत होतों. फळ्यावर चित्र काढलें होतें. मूळ खालीं, खोड वर. तेव्हां मागें बसलेल्या एका मुलीनें विचारलें, "गुरुजी, दाणा उलटा पडला तर मूळ वर येईल का?" तिच्या घरीं त्याच आठवड्यांत पेरणी झाली होती. पाभरीच्या चाड्यांतून सुटलेला दाणा दिशा पाहून मातींत पडत नाहीं, हें तिनें डोळ्यांनीं पाहिलें होतें. उत्तर आम्हांस ठाऊक नव्हतें, आणि तसें कबूल करण्याची लाज वाटली. "पुस्तकांत आहे तेवढें वाच," असें म्हणून आम्हीं तिला खालीं बसविलें. वर्ग हंसला. वर्ष संपेपर्यंत त्या मुलीनें पुन्हा एकही प्रश्न विचारला नाहीं.

पुढें आमच्या वाचनांत आलें कीं, मूळ खालींच कां जातें या प्रश्नासाठीं टॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञानें मोठी खटपट केली होती. आपल्या बागेंतील ओढ्याच्या पाण्यावर त्यानें एक चाक फिरतें ठेविलें आणि त्याच्या कडेस भिजलेले दाणे निरनिराळ्या दिशांनीं तोंडें करून बांधले. सर्व मुळें चाकाच्या बाहेरच्या अंगास वाढलीं व सर्व कोंब मध्याकडे वळले. यावरून, मूळ पृथ्वीच्या ओढीस अनुसरून खालीं जातें, असें त्यानें अनुमान केलें. हें त्यानें १८०६ सालीं प्रसिद्ध केलें. विद्वानांस पडावा असा प्रश्न त्या मुलीस आपल्या शेताच्या बांधावर पडला होता, आणि आम्हीं तो खालीं बसविला!

त्या दिवशीं आम्हीं काय करावयास पाहिजे होतें? एवढेंच म्हणावयाचें होतें: "मलाही ठाऊक नाहीं, बाळ. चला, आपण पाहूं." तें पाहणें कसें करावें याची रीत येणेंप्रमाणें आहे.

१. आधीं अंदाज घ्यावा. प्रत्येक मुलास पाटीवर काय होईल त्याचें चित्र काढावयास सांगावें. बरोबर कोण व चूक कोण हें शिक्षकानें मुळींच बोलूं नये.

२. मग प्रयोग मांडावा. वालाचे दाणे रात्रभर भिजवावे. कांचेच्या पेल्यांत सुती कापडाची घडी कडेनें लावून ओली करावी, आणि कांच व कापड यांच्यामध्यें चार दाणे अडकवावे. दाणा शेंगेस जेथें चिकटलेला असतो तेथें पांढरी रेघ दिसते. ती एका दाण्याची वर, एकाची खालीं, एकाची उजवीकडे व एकाची डावीकडे ठेवावी. तळाशीं थोडें पाणी असावें, पण दाणे त्यांत बुडूं नयेत. पांच-सहा मुलांत एक पेला पुरे.

३. रोज ठरलेल्या वेळीं पाहावें. सुमारें दोन-तीन दिवसांत मूळ दिसूं लागतें. पहिलीच्या मुलांनीं चित्र काढावें. दुसरीच्यांनीं दोऱ्यानें मूळ मोजावें व एक वाक्य लिहावें. अशा रीतीनें लेखन व गणित दोन्ही ओघानेंच येतात.

४. शेवटीं अंदाज व प्रत्यक्ष यांची तुलना करावी. दाणा कसाही ठेविला तरी मूळ वळून खालीं गेलेलें मुलांस दिसेल. ज्याचा अंदाज चुकला त्यास हंसूं देऊं नये. चुकलेल्या अंदाजानेंच पाहण्याची गोडी वाढते.

५. एका प्रश्नांतून दुसरा निघूं द्यावा. मूळ वाढल्यावर पेला आडवा केला तर? कोरडा दाणा रुजेल का? अंधारांतला रुजेल का? मात्र एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, नाहींतर कशामुळें काय झालें हें कळणार नाहीं.

येथें दोन सूचना करितों. दुकानांतील औषध लावलेलें रंगीत बियाणें मुलांच्या हातीं कधींही देऊं नये. स्वयंपाकघरांतील कडधान्यच घ्यावें. तसेंच लहान मुलें नाका-कानांत दाणे घालतात, म्हणून ते मोजून द्यावे व मोजून परत घ्यावे.

कोणी म्हणेल, अशानें पुस्तक कसें पुरें होणार? त्यांस आमचें सांगणें असें कीं, रोज दहा मिनिटें एवढ्यास पुरतात. शिवाय सर्वच गोष्टी मुलांनीं शोधून काढाव्या असेंही आमचें म्हणणें नाहीं. 'क' या अक्षराचा उच्चार काय, हें माणसांनीं ठरविलेलें आहे. तें शिक्षकानेंच नीट शिकविलें पाहिजे. पण मूळ कोणीकडे जातें, हें सृष्टीस विचारतां येतें. जें तिला विचारतां येईल, तें सांगण्याची घाई करूं नये.

ही रीत कांहीं नवी नाहीं. मोरेव्हियांतील बंधुमंडळाचा बिशप कोमेनियस यानें मुलांस वस्तु आधीं दाखवावी व शब्द मागून द्यावा असें शिकविलें, आणि १६५८ सालीं मुलांसाठीं चित्रांचें पाठ्यपुस्तक छापविलें. आपल्या इकडे ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें खेड्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें. त्यांत अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि पानें, बिया, खडे, शंख हींच तेथें शिक्षणाचीं साधनें झालीं. तेव्हां पैसा नाहीं ही सबब चालण्यासारखी नाहीं. आतां तर कायदाही हेंच सांगतो. २००९ च्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या २९ व्या कलमांत, मुलांनीं कृति व शोध यांच्या द्वारें शिकावें आणि त्यांच्या मनांत भय नसावें, असें घातलें आहे.

भय घालविण्यास मात्र कायदा पुरत नाहीं. तें शिक्षकाच्या एका वाक्यानें उत्पन्न होतें व एका वाक्यानेंच जातें. ती मुलगी आतां मोठी झाली असेल. तिचा प्रश्न आम्हांस परत करतां येत नाहीं. पण तुमच्या वर्गांत उद्यां जें मूल हात वर करील, त्यास "पाहूं या" असें म्हणणें तुमच्या हातीं आहे.

शिक्षकांच्या सभेंत विचार करण्यासाठीं प्रश्न

१. गेल्या आठवड्यांत आपल्या वर्गांत मुलांनीं आपण होऊन किती प्रश्न विचारले? मुलांनीं किती व मुलींनीं किती?

२. त्यांपैकीं कोणत्या प्रश्नाचें उत्तर मुलांस स्वतः पाहतां आलें असतें?

३. आपल्या गांवच्या शेतांत, ओढ्यावर किंवा बाजारांत या महिन्यांत पाहण्याजोगें असें काय आहे?